अठराव्या पावलाची फट

प्राध्यापक बिन्यामिन झिराडकर सरांची आणि माझी पहिली ओळख पोस्टकार्डावर झाली. ते कार्ड आज माझ्यासमोर आहे. निळी शाई, उभट मराठी अक्षर, आणि मजकूर अवघा चार ओळींचा: ‘आपले रेखाटन फार सुबक आहे. इतकी बारीक रेघ मी विद्यापीठात पाहिलेली नाही. कृती आपल्या तोंडून ऐकायची आहे. मंगळवारी चार वाजता या, फळा रिकामा ठेवतो.’

१९७३च्या योम किप्पुरच्या युद्धाच्या आधीचा हिवाळा होता. मला मुंबईहून इस्राएलमध्ये, लोदला, येऊन सात वर्षे झाली होती. विमानतळाजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी आखणीचे, म्हणजे पत्र्यावर मापाच्या रेघा मारण्याचे, काम करीत होतो आणि आजही करतो. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला पाठवलेल्या पत्रात माझा उल्लेख ‘सरांचे माजी विद्यार्थी’ असा केला आहे. हे बरोबर नाही, म्हणून इथेच दुरुस्त करतो. मी सहावीत शाळा सोडली. भायखळ्याच्या गिरणीच्या वर्कशॉपात कानस हातात धरली, लॉगरिदम रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकावरून शिकलो, आणि भूमिती स्वतःच्या बळावर, कुणाचे पाय न धरता शिकलो. कोणत्याही विद्यापीठाच्या पटावर माझे नाव नाही. तरीही सरांविषयी लिहिण्याचा माझा हक्क पटावरच्या पुष्कळांपेक्षा मोठा आहे असे मी समजतो. का, ते पुढे येईल.

मी सरांना पाठवलेले रेखाटन साधे नव्हते. कोणत्याही कोनाचे, फक्त कंपास आणि बिनखुणांची पट्टी वापरून, तीन समान भाग करण्याची कृती मी शोधली होती. एकवीस पायऱ्यांची. तिच्यात माझी चार वर्षे गेली होती. घरात मोठा गोल लाकडी तुकडा म्हणजे पोळपाट, म्हणून सुरुवातीच्या आखण्या मी त्यावरच केल्या. माझी पत्नी मिल्का अजून ते काढते. ‘अहो, तुमचे कोन माझ्या पोळ्यांवर उमटायचे,’ म्हणते, ‘आणि पोळी काही तीन ठिकाणी सारखी भाजायची नाही.’

हा प्रश्न दोन हजार वर्षांपासूनचा आहे हे मी वाचले होते. तो सुटणार नाही असे सिद्ध झाले आहे, हेही वाचले होते. पण ते लिहिणाऱ्यांनी कधी पत्र्यावर रेघ मारली असेल असे मला वाटत नव्हते. मी तीन ठिकाणी कागद पाठवले. दोन ठिकाणांहून काहीच आले नाही. तिसरीकडून छापील चिठ्ठी आली की असे कागद तपासले जात नाहीत. चौथे नाव मला आमच्या समाजाचे मुकादम अब्राहममामा पेणकर यांनी सुचवले. ‘अरे एलिया, आपल्या झिराडकरांचा मुलगा इथल्या विद्यापीठात गणिताचा प्रोफेसर आहे. अलिबागकडचा माणूस आहे, तो तरी उत्तर देईल.’ आणि उत्तर आले.

कार्ड आल्याबरोबर मामांनी आपल्या स्वभावाप्रमाणे घाई केली. ‘तू बिश्वात’ला, म्हणजे झाडांच्या सणाला, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा करतो. त्या दिवशी प्रार्थनालयाच्या सभागृहात माझा सत्कार करायचा असे त्यांनी जाहीर करून टाकले. रामलेपासून अश्केलोनपर्यंत निरोप गेले. मुंबईहून शाल मागवली. मीही नाही म्हटले नाही. खरे सांगायचे तर मला फार आवडले होते.

त्या पहिल्या मंगळवारी मी इस्त्रीचा सूट घालून, कागदाची गुंडाळी घेऊन सरांच्या खोलीत गेलो. सर तेव्हा पन्नाशीच्या आत होते. कोपरांवर खडूचे डाग, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी माझा कागद घेतला, आदराने पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

‘कागद राहू द्या. तुम्ही सांगा, मी फळ्यावर करतो.’

सरांची शिकवण्याची सारी पद्धत या एका वाक्यात आहे, आणि ज्यांनी ती अनुभवली नाही त्यांना तिचा दरारा कळणार नाही. विद्यार्थी खुर्चीत बसतो, खडू सरांच्या हातात असतो, आणि सर फक्त सांगितलेले करतात. जेवढे सांगाल तेवढेच, एक काडी जास्त नाही. मी म्हणालो, ‘इथे कंपास ठेवा.’ सर कंपास हवेत धरून उभे राहिले.

‘इथे म्हणजे कुठे?’

‘हा काय, छेदनबिंदूवर.’

‘कशाच्या आणि कशाच्या?’

मी सांगितले. त्यांनी कंपास ठेवला. ‘उघडू किती?’

एकवीस पायऱ्यांत सर असे सहा वेळा थांबले. मी मोजले. त्या सहा जागा मला स्वतःला नीट ठाऊक नव्हत्या, हात सवयीने करीत होता. सरांनी एकदाही ‘हे चुकले’ म्हटले नाही, मान हलवली नाही, भुवई उचलली नाही. दीड तासाने साठ अंशांच्या कोनाचे तीन भाग फळ्यावर उभे होते आणि डोळ्यांना अगदी सारखे दिसत होते. मी खुशीत होतो. सरही खुशीत दिसले.

‘खडूची रेघ जाड असते हो,’ ते म्हणाले. ‘हिच्यात काय काय लपेल सांगता येत नाही. बारीक रेघ कुठे मिळते?’

‘माझ्या टूलरूममध्ये. निळा रंग दिलेल्या पत्र्यावर, स्क्राइबरच्या पोलादी टोकाने.’

‘मग पुढच्या मंगळवारी पत्रा आणा.’

‘आणि काय तपासायचं?’

‘ते मी कसं सांगणार? आखणीतले जाणकार तुम्ही. वर्तुळाचे भाग सारखे पडले की नाही, तुमच्याकडे कसं ओळखतात?’

मी हसलो. हे तर आमच्या रोजच्या कामातले. गोल तबकडीवर भोकांच्या जागा आखताना डिव्हायडर एका भागाइतका उघडायचा आणि परिघावरून पावले टाकीत पूर्ण फेरी मारायची. शेवटचे पाऊल निघाल्या खुणेवर पडले तर भाग बरोबर. न पडले तर तबकडी पुन्हा रंगवायची. हाताखालच्या माणसांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवतो. साठाचा तिसरा भाग वीस, आणि विसाची अठरा पावले म्हणजे पूर्ण फेरी. परतीच्या बसमध्ये मला एकच गोष्ट खटकत होती: चार वर्षांत ही फेरी मी स्वतः एकदाही का मारली नव्हती? प्रोट्रॅक्टर लावला होता, तो वीस दाखवत होता, आणि मी थांबलो होतो. आमचा व्हर्निअर प्रोट्रॅक्टर पाच मिनिटांपर्यंत वाचतो. म्हणजे एका अंशाचा बारावा भाग. त्याहून लहान चूक तो दाखवत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही.

दुसऱ्या मंगळवारी साडेचारशे मिलिमीटर चौरस पत्रा गोणपाटात गुंडाळून मी बसने निघालो. शेजारी बसलेल्या सैनिकाने विचारले, काय आहे? मी म्हणालो, कोन आहे. तो उठून पुढच्या सीटवर गेला.

सरांच्या टेबलावर मी दोनशे मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले. त्याच त्रिज्येने सहा पावले टाकून साठ अंश नक्की केले, ती पावले चोख बंद झाली. मग एकवीस पायऱ्या. मग डिव्हायडर लावून पावले टाकू लागलो. सर मोठ्याने मोजत होते. अठरावे पाऊल निघाल्या खुणेच्या अलीकडे पडले. दोन मिलिमीटर अलीकडे.

‘हात चुकला,’ मी म्हणालो.

‘शक्य आहे,’ सर म्हणाले. ‘पुन्हा करा.’

मी डिव्हायडरचे माप मोडले, पुन्हा नव्याने लावले, पुन्हा फेरी मारली. दीड मिलिमीटर. तिसऱ्यांदा अडीच. सर उठले, चहा करून आणला. पाचव्या फेरीनंतर माझ्या पत्र्यावर एकापुढे एक पाच बारीक ओरखडे होते. सरांनी चष्मा वर केला आणि पत्र्यावर वाकून अगदी सहज विचारले:

‘थळकर, हात चुकतो तेव्हा कोणत्या बाजूला चुकतो?’

‘कधी इकडे, कधी तिकडे.’ हे म्हणता म्हणता मी पत्र्याकडे पाहिले. पाचही ओरखडे खुणेच्या एकाच बाजूला होते.

हाताची चूक अशी वागत नाही. वीस वर्षांच्या कामात मला एवढे पक्के ठाऊक होते. माझा हात निर्दोष होता. कृती प्रत्येक पावलाला दोन मिनिटांच्या आसपास कमी पडत होती. तीन पावलांत ते लपत होते, अठरा पावलांत उघडे पडले.

तो क्षण मला आजही आठवतो, आणि वाचकांना नवल वाटेल, पण तो दुःखाचा नाही. चार वर्षे ज्याच्या मागे होतो ते गेले खरे. पण ते मीच पाहिले, माझ्याच डिव्हायडरने, माझ्याच धंद्यातल्या युक्तीने. सरांना पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगता आले असते की अशी कृती असू शकत नाही. मी घरी जाऊन म्हणालो असतो, यालाही कळले नाही.

पण मलिदा पाच दिवसांवर आला होता. मी तेही बोललो. ‘सर, सत्काराला तुम्हांलाही बोलावलं आहे.’

‘हो, कार्ड आलं आहे.’

‘मग मी काय करू?’

सरांनी डिव्हायडर उचलून मला परत दिला. ‘ही फट आपण दोघांनी पाहिली. कुणाला दाखवायची, ते तुम्ही ठरवा. मी सभागृहात येईन, मलिदा खाईन. मला विचारलं नाही तर बोलणार नाही.’

ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दिवस होते. सभागृहात प्रोट्रॅक्टर लावला असता तर त्याने वीसच दाखवले असते. कुणालाही कळले नसते. मिल्काला मी सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘सांगितलंत तर चार दिवस हसतील. नाही सांगितलंत तर तुम्ही पत्र्यावर रेघ मारताना दर वेळी मागे वळून बघाल.’ असे म्हणून ती पुन्हा तांदळांकडे वळली.

तू बिश्वातला सभागृह भरले होते. ताटात मलिदा, भिंतीला लावलेला फळा, मामांच्या हातात शाल. मामा म्हणाले, ‘आपल्या थळच्या पोराने जगाचं कोडं सोडवलं.’ टाळ्या झाल्या. मी उठलो आणि गोणपाट सोडून पत्रा फळ्याला टेकवला. सर्वांसमोर सहावी फेरी मारली. पुढच्या रांगेतल्यांना मोठ्याने मोजायला लावले. अठराव्या पावलाला मी डिव्हायडर तसाच धरून म्हणालो, ‘पोचलं नाही. कोडं सुटलं नाही. माझी कृती चूक आहे.’

मागून कुणीतरी म्हणाले, ‘दोन मिलिमीटरच तर आहे, चालतंय की.’ हशा पिकला. मामांची पंचाईत झाली. शाल हातात धरून ते म्हणाले, ‘अरे, मग ही घालू कुणाला?’ आणि त्यांनी सरांकडे पाहिले. ‘प्रोफेसरसाहेब, तुम्हीच सांगा.’

सर उठले. ‘मामा, माझ्या वर्गात हुशार मुलं बसतात. उत्तर बरोबर आलं की वही मिटतात. चार वर्षांच्या मेहनतीचं उत्तर स्वतःच तपासून, ते चुकलं असं भरल्या सभेत सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटला नव्हता. शाल त्यांनाच घाला.’

मी घेतली नाही. मानी माणूस आहे मी, चुकीची शाल पांघरणार नव्हतो. मामांनी घडी घालून ती बगलेत मारली. ‘ठेवतो. खरं काही सापडलं की सांग.’

पुढची दीड-पावणेदोन वर्षे पहिली पाळी सुटली की दर मंगळवारी मी सरांकडे जात होतो. पत्रा खोटा बोलत नाही, पण माझी एक कृती फसली एवढेच तो सांगतो. कुणाचीच जमणार नाही हे कशावरून, हा माझा प्रश्न होता आणि सरांनी तो हातचा सोडू दिला नाही. बीजगणित मी त्यांच्याकडे शिकलो, तेही त्याच पद्धतीने: मी खुर्चीत, खडू त्यांच्या हातात. फळ्याचा उजवा वरचा कोपरा ते चुकांसाठी राखून ठेवीत. चूक पुसायची नाही. कोपऱ्यात लिहायची, खाली ज्याची त्याचे नाव, आणि तास संपताना तिला पुन्हा भेटायचे, का झाली ते विचारायचे. माझे नाव त्या कोपऱ्यात इतक्या वेळा आले की सफाई कामगार मला प्राध्यापक समजू लागला.

मध्येच युद्ध झाले. सरांचे बहुतेक विद्यार्थी राखीव दलात बोलावले गेले, वर्ग रिकामे पडले. सरांनी प्रत्येकाला आठवड्याला एक पोस्टकार्ड पाठवायला सुरुवात केली. एका कार्डावर एकच प्रश्न, लष्करी टपालाने. खंदकात बसून सोडवता यावा असा, कागद न लागणारा. मंगळवारी मी पत्ते लिहायला मदत करीत असे. उत्तरे येत, काही चिखलाच्या बोटांची. एक कार्ड न पोचता परत आले. ते सरांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.

युद्धानंतरच्या वसंतात एका मंगळवारी मला ते कळले. कंपास आणि पट्टीला वर्गमूळ काढता येते, त्याचे पुन्हा वर्गमूळ, पुन्हा पुन्हा वर्गमूळ. त्यापलीकडे त्यांचा हात पोचत नाही. नव्वद अंशांसारख्या काही कोनांचे तीन भाग त्यांतही बसतात, तो भाग वेगळा. पण साठ अंशांच्या तिसऱ्या भागाला तिसऱ्या घाताचे समीकरण लागते आणि ते वर्गमुळांनी सुटत नाही. शेवटची ओळ मी सांगितली, सरांनी लिहिली.

‘सर,’ मी म्हणालो, ‘म्हणजे हे कुणालाच येणार नाही. फक्त मलाच नाही असं नव्हे.’

‘कुणालाच नाही. आता बरं वाटलं?’

‘खूप.’

सर इतके हसले की त्यांच्या चष्म्याची तार सुटली. ती मी पक्कडीने पुन्हा बसवली. आजही तीच आहे, सरांनी चष्मा बदललेला नाही.

त्याच वर्षी सरांनी मला पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला बोलावले. ‘पत्रा घेऊन या. खाकी कपड्यांतच या. तुमची कृती शिकवा, अगदी खरी असल्यासारखी. मी मागच्या बाकावर बसतो.’ मी, सहावीत शाळा सोडलेला माणूस, विद्यापीठाच्या फळ्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिब्रूत एकवीस पायऱ्या सांगितल्या. मुलांनी लिहून घेतल्या. माना डोलावल्या. सरांनी मागून विचारले, ‘पटलं का सगळ्यांना?’ सगळ्यांना पटले होते. मग सर म्हणाले, ‘मला नाही पटलं. मला पटवा,’ आणि खडू घेऊन पुढे आले. तास संपला तरी गोंधळ संपेना. त्या तासापासून या वर्षापर्यंत मी नऊ वेळा गेलो आहे. एक वर्ष पाठ धरल्यामुळे चुकले. कृतीतली चूक कोपऱ्यात लिहिली जाते आणि तिच्याखाली सर स्वतःच्या हाताने ‘थळकर’ लिहितात. लोकांची नावे प्रमेयांना असतात. माझे एका चुकीला आहे, आणि ती चूक शिकवली जाते. मला याचा अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यातला तास मात्र सगळ्यांवर कडी करणारा होता. पत्र्याला हात लावायच्या आधीच मागच्या रांगेतला एक उंच विद्यार्थी उठला. तोफखान्यातून नुकताच सुटला होता. हिब्रूत ‘आदोन’, म्हणजे ‘श्रीयुत’, म्हणत त्याने विचारले:

‘आदोन थळकर, मी या कोनावर तोफ लावली तर दहा किलोमीटरवर गोळा कुठे पडेल?’

मी गणित केले. दोन मिनिटे, दहा किलोमीटर. ‘सुमारे सहा मीटर बाजूला.’

‘मग हे वीस नाही,’ तो म्हणाला आणि खाली बसला.

अठरा पावलांऐवजी त्याने एकच पाऊल दहा किलोमीटरचे टाकले होते. मी मागे पाहिले. सर बाकावरून उठून उभे राहिले होते, हातात खडू, चेहरा पहिली पाळी सुटलेल्या माणसासारखा. ‘पुन्हा सांगा,’ ते त्या विद्यार्थ्याला म्हणाले, ‘अगदी सावकाश. मी लिहितो.’ इतकी वर्षे हा तास घेणारा माणूस नवीन रस्ता दिसल्यावर असा उभा राहतो, हे ज्याला पाहायला मिळाले त्याला सरांविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

अब्राहममामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सरांच्या साठीच्या समारंभाचे त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून ती शाल काढली. घडीवर पिवळी रेघ पडली आहे, बाकी नवीच आहे. ‘खरं काही सापडलं की सांग म्हणालो होतो,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘मामा, सापडलं.’ समारंभाच्या दिवशी ती शाल सरांच्या खांद्यावर मामा घालतील. मी तिचे दुसरे टोक धरणार आहे.

आपल्या यहुदी लोकांत एखाद्याला एकशेवीस वर्षांचे आयुष्य चिंततात. सर, मी आखणीवाला आहे, आकडा नीट पाहिल्याशिवाय चिंतणार नाही. एकशेवीस अंशांचे तीन समान भाग कंपासने होत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवले. दोन मात्र होतात, आणि चोख होतात, कितीही फेऱ्या मारा. तो दुभाजक साठावर पडतो. आज आपण बरोबर त्या रेघेवर उभे आहात. अलीकडची बाजू आम्ही सर्वांनी पाहिली, तिच्यात फट नाही. पलीकडची बाजू तेवढीच आहे. ती आपण निरोगी देहाने, त्याच चष्म्याने, हातात खडू घेऊन चालावी. येत्या वर्षी पहिल्या तासाला मी पत्रा घेऊन येतो आहे. कोपरा रिकामा ठेवा.

एलिया सॅम्युएल थळकर
लोद